हृदयावरची चरबी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सीटी अँजिओग्राफीच्या अहवालात अलीकडे 'एपिकार्डियल फॅट' हे शब्द वारंवार दिसू लागल्याने त्याविषयीची बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील निवडक पत्रे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून माझे वय 61 आहे. जिना चढताना छातीत दडपण आल्यासारखे वाटू लागल्याने सीटी अँजिओग्राफी केली. डाव्या बाजूच्या रोहिणीत थोडा थर आहे, मात्र तिचा अरुंदपणा 30 टक्क्यांपेक्षा कमी आहे, असे अहवालात म्हटले आहे. खाली 'एपिकार्डियल फॅट वाढलेले' अशी एक ओळ आहे. तिच्याविषयी विचारले तेव्हा 'त्याचे काही विशेष नाही' एवढेच उत्तर मिळाले. माझे वजन 62 किलो आहे; मला कोणी जाड म्हणणार नाही. मग ही चरबी आली कुठून? मुलगा म्हणतो की या चरबीत रोगप्रतिकारक पेशी असतात आणि त्याच हृदयावर उलटतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : त्या ओळीचा अर्थ रोहिणीच्या आत चरबी साचली आहे असा नाही, हे आधी स्पष्ट करतो. रोहिणीच्या आतल्या अस्तराखाली कोलेस्टेरॉलचा जो थर बसतो आणि ज्याला आपण बोलताना 'ब्लॉकेज' म्हणतो, तो वेगळा. आणि रोहिणीच्या बाहेर, हृदयाच्या पृष्ठभागावर असलेली चरबी वेगळी. हृदयाभोवती दुपदरी आवरण असते. त्याचा आतला पदर आणि हृदयाचा स्नायू यांच्यामधल्या चरबीला एपिकार्डियल फॅट म्हणतात, आणि ती निरोगी माणसालाही असतेच. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली खाच, तसेच खालच्या दोन कप्प्यांमधली खाच, या ठिकाणी ती सर्वांत जास्त असते, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिण्या नेमक्या याच खाचांतून जातात. बायपास करणाऱ्या शल्यविशारदाला छाती उघडल्यावर रोहिणी पुष्कळदा लगेच दिसत नाही; पिवळ्या चरबीचा थर हलक्या हाताने बाजूला करत करत ती शोधून काढावी लागते.

या चरबीचे खरे वेगळेपण तिच्या जागेत आहे. हातापायांच्या त्वचेखालची चरबी आणि तिच्याखालचा स्नायू यांच्यामध्ये एक चिवट पडदा असतो. हृदयावर तसा पडदा नाही. शिवाय चरबीला आणि हृदयस्नायूला रक्तपुरवठाही त्याच कोरोनरी रोहिण्यांच्या बारीक शाखांतून होतो. त्यामुळे या चरबीतून जे काही स्रवते ते शरीरभर फिरून न येता थेट शेजारच्या रोहिणीच्या भिंतीपर्यंत पोचू शकते. हृदयावरणाच्या बाहेरच्या बाजूलाही चरबी असते, परंतु तिचा रक्तपुरवठा वेगळा आहे. अहवाल लिहिताना आणि वाचताना या दोहोंची गल्लत बऱ्याचदा होते.

प्रकृती ठीक असताना ही चरबी हृदयाच्या उपयोगी पडते. सतत काम करणाऱ्या स्नायूला ती इंधन म्हणून मेदाम्ले पुरवते, रक्तात मेदाम्ले जास्त झाली तर ती स्वतःत सामावून घेते, आणि अडिपोनेक्टिन नावाचे एक संप्रेरक स्रवते, जे रोहिणीच्या भिंतीतला दाह कमी करते. ज्यांना रोहिण्यांचा विकार आहे त्यांच्या या चरबीत अडिपोनेक्टिनचे प्रमाण कमी झालेले आढळते.

आता आपल्या मुलाने सांगितलेल्या पेशींविषयी. शरीरातल्या कोणत्याही चरबीत मेदपेशींच्या जोडीने रोगप्रतिकारक पेशी असतात, आणि त्यांत मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशींची संख्या मोठी असते. मेलेल्या पेशींची विल्हेवाट लावणे आणि ऊतींची डागडुजी करणे हे त्यांचे रोजचे काम. यांखेरीज टी-पेशी, थोड्या बी-पेशी आणि मास्ट पेशी (दाहकारक द्रव्ये सोडणाऱ्या पेशी) हीही या चरबीत सापडतात. 2003 साली बायपासच्या 42 रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाने या विषयाकडे लक्ष वेधले. शस्त्रक्रियेच्या सुरुवातीलाच हृदयावरील चरबीचा एक तुकडा आणि त्याच रुग्णाच्या पायाच्या त्वचेखालील चरबीचा एक तुकडा घेऊन दोन्हींची तुलना करण्यात आली. इंटरल्युकिन-1 बीटा, इंटरल्युकिन-6, टीएनएफ-अल्फा यांसारखे दाह वाढवणारे पदार्थ हृदयावरच्या चरबीत कितीतरी अधिक होते, आणि तिच्यात दाहाच्या पेशीही शिरलेल्या होत्या. विशेष म्हणजे रुग्ण लठ्ठ आहे की नाही, त्याला मधुमेह आहे की नाही, तो स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) घेतो की नाही, यांवर हा फरक अवलंबून नव्हता. मला तरी त्या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण चरबीचा दोष फक्त तिच्या जाडीत असतो ही समजूत तिने ढिली केली.

पुढे 2011 साली जपानमधील संशोधकांनी याच चरबीतील मॅक्रोफेज पेशींचे प्रकार पाहिले. ढोबळमानाने या पेशी दोन तऱ्हांनी वागतात : काही दाह भडकवतात, तर काही तो शमवून दुरुस्तीला लागतात. ज्यांच्या रोहिण्या विकारग्रस्त होत्या त्यांच्या चरबीत भडकवणाऱ्या पेशी वाढलेल्या आणि शमवणाऱ्या पेशी घटलेल्या होत्या, आणि रोहिण्यांचा विकार जितका अधिक तितका हा तोल अधिक ढळलेला होता. प्रत्यक्षात या पेशींचे वागणे इतके काळे-पांढरे नसते. एकच पेशी परिस्थितीनुसार पवित्रा बदलते, आणि दोन टोकांच्या मधल्या अनेक अवस्था असतात. तेव्हा 'पेशी हृदयावर उलटतात' असे म्हणण्यापेक्षा, त्यांचे आपापसातले प्रमाण बिघडले की शेजारच्या रोहिणीला झळ पोचते, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

'मी जाड नाही' हा आपला मुद्दा आपल्याकडे फार वेळा ऐकू येतो, आणि त्याचे उत्तर पुण्यातच दिले गेले आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र आणि आकडे छापले. दोघांचाही बीएमआय 22.3 होता, मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होते. ते मोजमाप हृदयावरच्या चरबीचे नव्हते. परंतु काटा सारखाच दाखवत असला तरी आतली शरीरे किती वेगळी असू शकतात, हे त्यातून लख्ख दिसते. त्यामुळे 62 किलो वजनावर निश्चिंत राहू नये. कमरेचा घेर, साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब या चार गोष्टी मोजून घ्याव्यात.

एक गोष्ट मात्र चरबीहून तातडीची आहे. जिना चढताना येणारे दडपण 30 टक्क्यांहून कमी अरुंदपणा आढळला म्हणून सोडून देऊ नये. त्याची कारणे हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत किंवा अन्यत्रही असू शकतात. त्याविषयी हृदयरोगतज्ज्ञांना पुन्हा भेटा, आणि दडपण विश्रांतीच्या वेळीही येऊ लागले किंवा घाम फुटून बराच वेळ टिकले, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठा.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. चरबीतल्या दाहामुळे रोहिणी बिघडते, की बिघडलेल्या रोहिणीमुळे चरबीत दाह होतो? वर्गात यावर वाद झाला आणि निकाल लागला नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वाद निकालात निघाला नाही हे ठीकच झाले, कारण दोन्ही बाजूंना पुरावा आहे.

रोहिणीच्या विकाराचे नेहमीचे चित्र आतून बाहेर जाणारे आहे. रक्तातील एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, अस्तराखाली शिरते, तिथे मॅक्रोफेज ते गिळून फुगतात, आणि थर वाढत जातो. बाहेरून आत जाणारा मार्ग मानणारे संशोधक रोहिणीच्या बाह्य स्तराकडे बोट दाखवतात. त्या स्तरात रोहिणीच्याच भिंतीला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या असतात, आणि चरबीतले दाहकारक पदार्थ व पेशी त्यांच्या वाटेने भिंतीत उतरू शकतात. 1990 च्या दशकाच्या अखेरीस हृदयविकाराच्या झटक्याने दगावलेल्यांच्या रोहिण्या तपासताना, ज्या ठिकाणी थर फुटला होता त्याच ठिकाणच्या बाह्य स्तरात मास्ट पेशींची गर्दी आढळली होती.

या बाजूने निसर्गानेच मांडलेला एक प्रयोगही नेहमी पुढे केला जातो. काही लोकांत डाव्या पुढच्या रोहिणीचा छोटासा भाग चरबीतून न जाता स्नायूच्या पट्ट्याखालून जातो. तिथे तिच्याभोवती चरबी नसते, आणि तेवढ्या तुकड्यात थर सहसा साचत नाही, जरी त्याच्या अलीकडच्या, चरबीने वेढलेल्या भागात तो बऱ्याचदा आढळतो. माझ्या मते या दाखल्यावर फार भिस्त ठेवू नये, कारण स्नायूखालच्या भागात रक्तप्रवाहाचा दाब आणि भिंतीवरील घर्षण हेही वेगळे असते. चरबी नसल्यामुळेच थर साचला नाही, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

उलट दिशेचा पुरावा ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्रा. हॅरालाम्बोस अँटोनिआडिस यांच्या गटाने 2017 साली मांडला, आणि तो मला अधिक पटणारा वाटतो. कोवळ्या मेदपेशी पक्व होताना स्वतःत मेदाचे थेंब साठवत मोठ्या होतात. रोहिणीच्या भिंतीत दाह असेल तर तिथून बाहेर पडणारे संदेश शेजारच्या कोवळ्या मेदपेशींची ही वाढ रोखून धरतात. परिणामी रोहिणीला अगदी लागून असलेल्या चरबीत पेशी लहान राहतात, मेद कमी आणि पाणी जास्त असते. रोहिणीपासून दूर जावे तसतशी चरबी पुन्हा नेहमीसारखी होते. म्हणजे या ठिकाणी रोहिणी बोलते आणि चरबी ऐकते. माणसात हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी चालू असावेत आणि एकमेकांना खतपाणी घालत असावेत, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

दाह हा केवळ साक्षीदार नाही, हे मात्र एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या 'कँटोस' चाचणीत, पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि रक्तातील सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) वाढलेल्या 10,061 रुग्णांपैकी काहींना इंटरल्युकिन-1 बीटा निष्प्रभ करणारे कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दिले गेले. कोलेस्टेरॉलमध्ये काहीही फरक न पडता 150 मिलिग्रॅमच्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 15 टक्क्यांनी घटले. त्याची किंमतही मोजावी लागली : जिवावर बेतणारे संसर्ग इंजेक्शन घेतलेल्यांत अधिक झाले. ज्या पेशी रोहिणीला त्रास देतात त्यांच्याच कुळातल्या पेशी जंतूंशीही लढतात, त्यामुळे सरसकट दाह दाबणारे औषध सर्वांना देता येत नाही. ही चाचणी हृदयावरच्या चरबीची नव्हती, हे वर्गात सांगायला विसरू नका.

प्रश्न : माझा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. तो सांगतो की तिकडे सीटी स्कॅनवरून हृदयाभोवतीच्या चरबीतला दाह मोजतात. मला काही त्रास नाही, पण वडील 54 व्या वर्षी हृदयविकाराने गेले. मी अशी तपासणी करून घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भावाने सांगितले ते खरे आहे. वरच्या उत्तरातील ऑक्सफर्डच्या गटानेच ती पद्धत काढली. सीटीच्या चित्रात प्रत्येक ऊतीची घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. पाणी शून्य, तर चरबी साधारण उणे 190 ते उणे 30 या पट्ट्यात येते. दाहामुळे रोहिणीलगतच्या चरबीत पाणी वाढले की तिचा आकडा शून्याच्या दिशेने सरकतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, संगणकाला मात्र मोजता येतो. 2018 साली जर्मनीतील एर्लांगेन आणि अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील मिळून 3,912 रुग्णांच्या जुन्या स्कॅनवर हा निर्देशांक काढला गेला. उजव्या रोहिणीभोवती तो उणे 70.1 किंवा त्याहून वर असलेल्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका इतरांच्या तुलनेत एका गटात सुमारे 9 पट, तर दुसऱ्यात सुमारे साडेपाच पट आढळला.

त्यानंतर 2024 साली ब्रिटनमधील 40,091 रुग्णांचा 'ऑरफन' अभ्यास आला. छातीत दुखते म्हणून सीटी झालेल्या या लोकांपैकी सुमारे 81 टक्क्यांच्या रोहिण्यांत मोठा अडथळा नव्हता, आणि तरीही पुढच्या काळात झालेल्या हृदयविकाराच्या गंभीर घटनांपैकी सुमारे 66 टक्के याच लोकांत घडल्या. हा आकडा ऐकून दचकायला होते, म्हणून तो नीट वाचावा : अडथळा नसलेल्यांची संख्याच चौपट आहे, आणि माणशी धोका अजूनही अडथळा असलेल्यांनाच जास्त आहे. पण 'ब्लॉकेज नाही म्हणजे काळजी नाही' हा सरधोपट हिशेब त्यामुळे मोडला, आणि या गटात धोका कोणाला, हे ओळखायला चरबीचा निर्देशांक उपयोगी पडला.

तरीही आपल्यासाठी माझे उत्तर तूर्त नको असेच आहे. हे सर्व अभ्यास ज्यांची सीटी अँजिओग्राफी वैद्यकीय कारणाने झालीच होती अशा लोकांचे आहेत. लक्षणे नसलेल्यांनी केवळ चरबी मोजण्यासाठी किरणोत्सर्ग आणि शिरेतून द्यायचा रंग पत्करावा, असे त्यांतून निघत नाही. वडिलांचा इतिहास हे पुरेसे कारण आहे की आपण लिपिड प्रोफाइल, साखर, रक्तदाब आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन(ए), म्हणजे मुख्यतः आनुवंशिकतेने ठरणारा कोलेस्टेरॉलवाहक कण, तपासून घ्यावे. डॉक्टरांना गरज वाटल्यास रंग न देता होणारा कॅल्शियम स्कोअर (रोहिण्यांतील कॅल्शियम मोजणारा सीटी) हा पुढचा टप्पा असू शकतो. टू-डी एकोवर उजव्या खालच्या कप्प्यासमोरच्या चरबीची जाडी मोजता येते, पण ती जाडी दाहाविषयी काही सांगत नाही.

प्रश्न : तूप पूर्ण बंद केले तर हृदयावरची चरबी कमी होते का? की त्यासाठी औषध आहे?
— एक वाचक, अकोला

उत्तर : ताटातले तूप उचलून हृदयावर जाऊन बसत नाही. एकूण उष्मांक गरजेपेक्षा जास्त झाले की शरीर ते निरनिराळ्या ठिकाणी साठवते, मग ते तुपातून आलेले असोत, पोह्यांवरच्या शेवेतून की दिवसातून चार वेळा घेतलेल्या गोड चहातून. तुपातील संपृक्त मेदामुळे एलडीएल वाढते, म्हणून ते मोजके खावे; तो मुद्दा स्वतंत्र आहे.

वजन उतरल्यावर हृदयावरची चरबीही उतरते. व्यायामाविषयी डेन्मार्कमधील, 2019 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास उद्बोधक आहे : पोट सुटलेल्या 50 लोकांत 12 आठवड्यांनंतर, दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांची ही चरबी सुमारे 32 टक्क्यांनी, तर वजने उचलणाऱ्यांची सुमारे 24 टक्क्यांनी कमी झाली. अभ्यास छोटा आहे, पण 'मला चालता येत नाही, गुडघे दुखतात' म्हणणाऱ्यांनी त्यातला दुसरा आकडा लक्षात घ्यावा. मधुमेहावरील लिराग्लुटाइड आणि डापाग्लिफ्लोझिन या वर्गांतील औषधांनी, तसेच काही स्टॅटिनांनी ही चरबी घटल्याची निरीक्षणे आहेत. तथापि केवळ ही चरबी घटवण्यासाठी म्हणून कोणतेही औषध दिले जात नाही, आणि ती घटल्यामुळेच झटके टळतात हे अजून वेगळे काढून दाखवता आलेले नाही.

प्रश्न : वडिलांना वातरक्तासाठी (गाउटसाठी) कोल्चिसिन दिले होते. त्याच गोळ्या हृदयालाही चांगल्या असतात, असे ऐकून ते त्या आता रोज घेऊ लागले आहेत. चालेल का? त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे आणि क्रिएटिनिन थोडे वाढलेले असते.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : स्वतःहून घेतलेली गोळी आजच थांबवून डॉक्टरांना विचारा. त्यांनी ऐकले ते अगदीच निराधार नाही. कोल्चिसिन रोगप्रतिकारक पेशींच्या हालचालींना आणि त्यांच्यातील दाहाच्या यंत्रणेला आवर घालते. रोज अर्धा मिलिग्रॅम या मात्रेत, 2019 च्या 'कोल्कॉट' चाचणीत नुकताच झटका येऊन गेलेल्यांत गंभीर घटना 7.1 वरून 5.5 टक्क्यांवर आल्या, तर 2020 च्या 'लोडोको-2' चाचणीत स्थिर विकार असलेल्यांत त्या 9.6 वरून 6.8 टक्क्यांवर आल्या. 2023 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपयोगाला मान्यताही दिली. पण 2024 साली झालेल्या 'क्लिअर' या मोठ्या चाचणीत, झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या कोल्चिसिनचा फायदा दिसला नाही, त्यामुळे ते कोणाला द्यावे याविषयी हृदयरोगतज्ज्ञांत एकमत राहिलेले नाही.

आपल्या वडिलांच्या बाबतीत अडचण मूत्रपिंडाची आहे. क्रिएटिनिन वाढलेले असताना हे औषध शरीरात साचते. आधी जुलाब आणि उलट्या होतात, नंतर स्नायू दुबळे होतात आणि रक्तपेशी घटू शकतात. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक त्याच वेळी घेतल्यास विषबाधेपर्यंत मजल जाते. अँजिओप्लास्टी झाली असल्याने ते बहुधा स्टॅटिनही घेत असतील, आणि दोन्ही एकत्र असता स्नायूंवर लक्ष ठेवावे लागते. डॉक्टरांकडे जाताना सध्याच्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि क्रिएटिनिनचा ताजा अहवाल बरोबर न्या. स्टेंटसाठीच्या गोळ्या मात्र कोणत्याही कारणाने परस्पर बंद करू नका.